दिवसा टिपायची चांदणी रात्र : किनाऱ्यावर निघण्यापूर्वीची तयारी

दिवसाउजेडी काढलेल्या छायाचित्राला रात्रीचे रूप द्यायचे असेल, तर कॅमेऱ्याच्या आधी पंचांग उघडावे आणि पौर्णिमेच्या आसपासचा, निरभ्र आकाशाचा दिवस निवडावा. कोकणचा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने दुपारी चारला सूर्य समुद्राकडे कललेला असतो, तसाच पौर्णिमेचा चंद्र पहाटे चारच्या सुमारास कललेला असतो. शिवाय त्या तिथीला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येत असल्याने दोन्ही वेळी पाणी ओसरतच असते. त्यामुळे ओली वाळू, लाटांवरची चकाकी आणि आपल्या दिशेने पसरलेल्या माडांच्या सावल्या पहाटेच्या चांदण्याशी आपोआप जुळतात.

सोबत ट्रायपॉड, पोलरायझर (परावर्तित चकाकी आटोक्यात ठेवणारा फिल्टर) आणि खारी हवा लेन्सवर बसते म्हणून मऊ कापड घ्यावे. चित्रण रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) करावे, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) ३२०० केल्विनवर ठेवावा, म्हणजे चित्र निळसर येते, आणि एक्स्पोजर २ ते ३ स्टॉप उतरवावे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तरीही लाटांचा फेस पांढराफटक जळलेला नाही ना, हे हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर) पाहावे. सूर्य माडाच्या खोडाआड ठेवावा आणि आकाश शक्य तितके चौकटीबाहेर. वाळत घातलेली मासळी, दोरीवरचे कपडे किंवा घिरट्या घालणारे कावळे दिसले, तर दिवस लगेच उघडा पडतो.

खरी कसोटी लाल रंगाची आहे. आदल्या रात्री चांदण्यात तुळशीवृंदावनाजवळ उभे राहून जास्वंद नीट पाहावी : पाने करडी का होईना, दिसतात, फूल मात्र जवळजवळ काळे पडलेले असते, कारण मंद उजेडात आपला डोळा लाल रंगाला फारसा दाद देत नाही. कोकणात तर माती, कौले आणि जांभ्याची गडगी सगळीच तांबडी. म्हणून संपादनात लाल-नारिंगीची उजळता आणि भडकपणा (सॅच्युरेशन) आधी उतरवावा, मग बाकीचे रंग थोडे फिके करावेत. केवळ निळी छटा ओतून रात्र होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पडवीतला कंदील पेटता दाखवायचा असेल, तर तो याच चौकटीत मिणमिणताही दिसणार नाही. म्हणून ट्रायपॉड तसूभरही न हलवता तिन्हीसांजेपर्यंत थांबावे, कंदील लावून दुसरे छायाचित्र घ्यावे आणि त्यातला तेवढाच उजेड पहिल्यावर बसवावा.