न भरणाऱ्या जखमेवर चिनी मलम? या चुका टाळा

शांघायमध्ये चिनी वैद्यकाच्या ड्रेसिंग विभागात दोन वर्षं काढली. घाई सगळीकडे सारखीच. जखम मिटली की लोक खूश. आतून भरली का, हे कुणी विचारत नाही.

चिनी वैद्यांचा जुना नियम आहे: सडकं गेल्याशिवाय नवं मांस येत नाही. आपल्याकडे सुश्रुतही तेच सांगतो, आधी शोधन, म्हणजे साफ करणं, मग रोपण, म्हणजे जखम भरणं. तरी पिवळा, बुळबुळीत थर तसाच ठेवून त्यावर 'शंगची सान', म्हणजे मांस आणणारी भुकटी, दाबून भरतात. आमचे एक मधुमेही आजोबा नववर्षाच्या सुट्टीत गावी गेले. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला जखम. लेकीला रोजचं साफ करणं कटकटीचं वाटायचं, म्हणून तिने कुठूनशी भुकटी आणली. परतले तेव्हा जखमेवर छान गुलाबी पापुद्रा. लेक हसतेय. मी बोटाने दाबलं तर खाली पचपचीत. कडेने सळई घातली, ती दोन सेंटिमीटर आत गेली आणि टोकाला टक्क लागलं. हाड! मग जो वास सुटला, त्यावर ती काही बोलली नाही. आजोबांचा अंगठा गेला.

तेव्हापासून तळ लालभडक दिसेपर्यंत मी भुकटीची डबी कपाटातच ठेवतो, आणि प्रत्येक ड्रेसिंगला सळई फिरवतो.

दुसरी चूक पाऱ्याची. 'शंगतान' ही सडका थर काढायची लाल भुकटी पारा, सोरा आणि तुरटी भट्टीत तापवून करतात. 'च्यू-यी तान' या मिश्रणात ती दहात एक भाग, बाकी नऊ भाग भाजलेलं जिप्सम. हे प्रमाण वाढवलं की काम लवकर होतं, असं समजणारे महाभाग मी पाहिलेत. मोठ्या उघड्या जखमेतून पारा अंगात शिरतो आणि मूत्रपिंड धरतो. मी ती वापरतच नाही. सर्जनच्या हातातली ब्लेड सडका थर काही मिनिटांत काढते. १६१७च्या 'वायख चंगचुंग' ग्रंथातल्या जांभळट-लाल 'शंगची यू-हुंग' मलमातही मुळात पाऱ्याचं क्षार आहे. तिळतेल आणि मेण दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, घटक वाचा.

बाकीच्या थोडक्यात:

पायातला रक्तपुरवठा न तपासता मलम लावणं. घोट्याचा दाब दंडाच्या ०.९ पटीखाली असेल, तर आधी रक्तवाहिन्यांचा डॉक्टर.

व्हेरिकोज व्हेन्सच्या जखमेला नुसता लेप. रक्तपुरवठा ठीक असेल, तर घट्ट पट्टी बांधल्याशिवाय ती हलत नाही.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असताना 'तांग-क्वै' या चिनी मुळीचा काढा. रक्त आणखी पातळ होतं.

रोज हायड्रोजन पेरॉक्साइड. फेस बघायला मजा येते, नवं मांस मात्र जळतं.

आणि दर सोमवारी जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मधुमेही पायाची जखम चार आठवड्यांत निम्मी झाली नाही, तर मी मलम बदलत बसत नाही, रुग्णाला पुढे पाठवतो. त्याआधी एकदा त्याची चप्पल उलटी करून बघतो. बरेचदा झिजलेला खड्डा नेमका जखमेखालीच असतो.