पॉलीहाऊसच्या फिल्मची यूव्ही चाचणी: चेंबर कसा लावायचा, काय मोजायचं

यूव्ही ट्यूबचा उजेड आणि दव आलटून पालटून देऊन फिल्म लवकर जुनी करणाऱ्या पेटीला चेंबर म्हणतात. त्यातून ‘ही फिल्म तीन वर्षं टिकेल’ असं उत्तर निघत नाही. शेजारी लावलेल्या दोन फिल्मपैकी आधी कोणती जाईल, हे मात्र तो चांगलं सांगतो. म्हणून शेतात किती टिकते हे माहीत असलेल्या फिल्मचे तुकडे प्रत्येक चाचणीत सोबत लावाच. एक संच अंधारात, खोलीच्या तापमानाला जपून ठेवा.

ट्यूब यूव्हीए-३४० घ्या. २९५ ते ३६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात तिचा उजेड उन्हाशी चांगला जुळतो. यूव्हीबी-३१३ लवकर निकाल देते, पण उन्हात नसलेल्या आखूड लहरीही टाकते. त्यामुळे शेतात बरी टिकणारी फिल्म इथे नापास होऊ शकते आणि क्रम उलटतो.

एएसटीएम जी१५४ या यूव्ही चाचणीच्या मानकातलं नेहमीचं चक्र: ३४० नॅनोमीटरला ०.८९ वॅट प्रति चौ. मीटर प्रति नॅनोमीटर, ८ तास उजेड, ब्लॅक पॅनेल (तापमान मोजणारी काळी पट्टी) ६०° से.; मग ४ तास दव, ५०° से. दव धरायला नमुन्याची मागची बाजू खोलीच्या हवेने थंड व्हावी लागते. मे महिन्यात खोली तापली की दव कमी धरतं, तेव्हा एसी चालू ठेवा.

फिल्म ७५ × १५० मिमी कापून होल्डरमध्ये ताठ बसवा. सैल राहिली तर फुगून ट्यूबजवळ जाते आणि तिथेच जास्त उजेड खाते. नमुन्यांच्या जागा ठरावीक अंतराने फिरवा, कारण कडेला उजेड कमी पडतो. उजेड मोजणारा सेन्सर दर ४०० तासांनी कॅलिब्रेट करा.

हिशेब तासांचा नको, मात्रेचा, म्हणजे फिल्मवर एकूण किती यूव्ही ऊर्जा पडली त्याचा ठेवा. उजेडाच्या एका तासाला सुमारे ३.२ किलोज्यूल पडतात. घड्याळाचे १,००० तास म्हणजे उजेडाचे फक्त ६६७, आणि मात्रा सुमारे २,१३५ किलोज्यूल प्रति चौ. मीटर प्रति नॅनोमीटर. अहवालात ‘१,००० तास’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

रंग बदलला म्हणून फिल्म गेली असं नसतं. तुटेपर्यंत फिल्म मूळ लांबीच्या किती टक्के ताणली जाते ते मोजा. नव्या फिल्मचा हा आकडा ५००% असेल तर २५०% वर आली की ती गेली, असं धरा. लांबीच्या आणि आडव्या, दोन्ही दिशांच्या किमान पाच-पाच पट्ट्या कापा. पट्टीचा ताणला जाणारा भाग पूर्ण उजेडातला हवा, होल्डरच्या सावलीतला नको. पातं बोथट असेल तर कडेला बारीक चीर पडते, पट्टी तिथूनच फाटते आणि दोष फिल्मच्या माथी येतो. स्टॅबिलायझर (उन्हापासून वाचवायला फिल्ममध्ये मिसळलेलं रसायन) संपेपर्यंत आकडा फारसा हलत नाही, मग झपाट्याने कोसळतो. त्यामुळे शेवटी शेवटी नमुने जवळजवळच्या अंतराने काढा.

भुरीसाठी गंधक वापरणाऱ्या शेतकऱ्याला फिल्म विकायची असेल, तर स्वच्छ तुकड्यांची चाचणी पुरत नाही. गंधकापासून बनणारी आम्लं हिंडर्ड अमाइन प्रकारचे स्टॅबिलायझर निकामी करतात. एक संच गंधकाच्या द्रावणात बुडवून, वाळवून वेगळा लावा. पॉलीहाऊसच्या सांगाड्याच्या पाइपला टेकणारा फिल्मचा पट्टा तापून आधी जातो, तोही चेंबर आपणहून दाखवत नाही. त्यासाठी काही तुकड्यांमागे काळ्या रंगाची धातूची पट्टी लावून पाहा.