पोर्टफोलिओत पट्ट्या नकोत, चालतं काम ठेवा

पदवीचा कागद नसलेल्या वेब डेव्हलपरचा पुरावा म्हणजे त्याचं चालू स्थितीतलं काम. ‘जावास्क्रिप्ट ८० टक्के’ छापाच्या कौशल्य दाखवणाऱ्या पट्ट्या पोर्टफोलिओतून आधी काढा. १०० टक्के म्हणजे नेमकं किती, हे कोणीच सांगू शकत नाही. त्या जागी दोन-तीनच प्रकल्प ठेवा, पण पूर्ण झालेले. ट्यूटोरियलवरून जसंच्या तसं उतरवलेलं टू-डू ॲप समोरच्याने शंभरदा पाहिलेलं असतं.

चार पानांच्या साइटला फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचा सांगाडा, लागत नाही. जावास्क्रिप्टच्या अशा तयार कोडपैकी जेक्वेरी २००६ मध्ये आलं, रिॲक्ट २०१३ मध्ये. साधं एचटीएमएल त्याआधीचं आहे आणि आजही काही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्ये उघडतं. रिॲक्ट येतं हे दाखवायचं तर ते प्रकल्पात दाखवा.

साइट जड होते ती बहुतेकदा चित्रांमुळे. पानावर जागा ६०० पिक्सेलची आणि फाइल ४,००० पिक्सेल रुंद, असं सर्रास दिसतं. दाट पिक्सेलचे स्क्रीन धरून १,२०० रुंदी पुरे. फाइल वेबपी या हलक्या चित्र-स्वरूपात साठवा. इमेज टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहा. ती नसली की ब्राउझर जागा राखून ठेवत नाही, आणि चित्र येताच खालचा मजकूर उडी मारतो. लेझी लोडिंग (चित्र स्क्रोल करून जवळ आल्यावरच उतरवणं) खालच्या चित्रांना लावा. सगळ्यात वरच्याला लावलं तर तेच उशिरा दिसतं.

‘माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर ४०४ (फाइल सापडली नाही) येतो’ याचं नेहमीचं कारण म्हणजे फाइलच्या नावातली कॅपिटल अक्षरं. विंडोज आणि मॅक सहसा कॅपिटल-स्मॉल असा भेद करत नाहीत, लिनक्स करतो. सगळी नावं स्मॉलमध्ये, स्पेसऐवजी हायफन. गिटने (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कोड पुश केल्यावर, म्हणजे ऑनलाइन पाठवल्यावर, चूक लक्षात आली तर नाव गिटच्याच मूव्ह कमांडने बदला. नुसतं रीनेम केलं तर गिटला तो बदल दिसेलच असं नाही.

एपीआयची (दुसऱ्या सेवेशी जोडणाऱ्या दुव्याची) गुप्त की फ्रंटएंडच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या, कोडमध्ये कधीच नको, ब्राउझरमध्ये ती कोणीही वाचू शकतं. चुकून कमिट झालीच (गिटमध्ये नोंदली गेलीच) तर फाइल डिलीट करून भागत नाही, कारण ती गिटच्या इतिहासात उरते. आधी ती की रद्द करून नवी घ्या, साफसफाई नंतर.

मग माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कीने साइट फिरून पाहा. फोकस (सध्या निवडलेली लिंक किंवा बटण) कुठे आहे ते दिसत नसेल, तर सुबक दिसावं म्हणून कोणीतरी भोवतीची आउटलाइन काढून टाकलेली असते. मजकूर आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट किमान ४.५ : १ हवा, फिकट करडी अक्षरं इथेच नापास होतात. फॉर्मच्या इनपुटमधला फाँट १६ पिक्सेलपेक्षा लहान असला की आयफोनवरची सफारी पान आपोआप झूम करते.

प्रत्येक प्रकल्पाखाली तीन गोष्टी लिहा: काय सोडवलं, कुठे अडलं, काय अजून बाकी आहे. बाकीची यादी लपवू नका, मुलाखतीत गप्पा तिथूनच रंगतात. रीडमी या माहितीच्या फाइलमधल्या पायऱ्या नव्या फोल्डरमध्ये रेपो (प्रकल्पाचा गिटमधला साठा) क्लोन करून, म्हणजे त्याची प्रत उतरवून, एकदा तपासा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंग्जचा) उल्लेख हमखास राहून गेलेला असतो.

फुकट होस्टिंगवरचा बॅकएंड (सर्व्हरवर चालणारा कोड) बऱ्याचदा वापर नसला की झोपतो आणि पहिल्या रिक्वेस्टला बराच वेळ घेतो. तेवढ्यात समोरचा कोरं पान पाहून टॅब बंद करतो. म्हणून ‘सर्व्हर सुरू होतोय, थोडं थांबा’ असा संदेश द्या, किंवा डेमोपुरता डेटा सरळ जेसन (साध्या मजकुरातला डेटा) फाइलमध्ये ठेवा.