कार्यालयातील गैरप्रकाराची तक्रार करताना घ्यावयाची काळजी

कार्यालयात खोटी बिले मंजूर होत आहेत, निकृष्ट माल चांगला म्हणून स्वीकारला जात आहे किंवा कामगारांच्या पगारातून कापलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम भरलीच जात नाही, असे लक्षात आल्यावर बहुतेक जण आधी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याशी बोलतात आणि पुढच्या बऱ्याच अडचणी तिथूनच सुरू होतात. आपल्याकडे तक्रारदाराला मिळणारे संरक्षण त्याने कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या पद्धतीने आणि कोणाला सांगण्याआधी तक्रार केली यावर फार अवलंबून असते. त्यामुळे योग्य जागा निश्चित होईपर्यंत घरातील एखादी विश्वासू व्यक्ती किंवा वकील यांच्यापलीकडे हा विषय जाऊ देऊ नये.

पहिले काम नोंदी ठेवण्याचे आहे. घरच्या वहीत, त्याच दिवशी, तारीख-वेळेसह लिहावे आणि तीन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नये: स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष. ‘भांडारपाल चोर आहे’ हा निष्कर्ष झाला. ‘अमुक तारखेला गेटवर चाळीस पोती उतरवली गेली आणि आवक नोंदवहीत साठ लिहिली गेली, हे मी पाहिले’ ही नोंद झाली. चौकशी अधिकाऱ्याला दुसऱ्या प्रकारच्या वाक्यावरूनच काम सुरू करता येते. बिलाचा, व्हाउचरचा किंवा खरेदी आदेशाचा क्रमांक आणि तो कागद कोणत्या फाइलमध्ये आहे एवढे टिपून ठेवले, तरी पुष्कळदा पुरते.

कागद मिळवण्याच्या बाबतीत उत्साह आवरावा लागतो. कामाच्या ओघात आपल्या हाती रीतसर आलेले कागद आणि दुसऱ्याच्या संगणकातून उतरवून घेतलेली माहिती यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. परवानगीशिवाय संगणकातील माहितीची प्रत काढल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 चा बडगा तक्रारदारावरच उगारला जाऊ शकतो. कार्यालयाचे ईमेल घाऊकपणे खासगी खात्यावर पाठवू नयेत, कारण त्याची नोंद सर्व्हरवर राहते आणि गोपनीयतेच्या भंगाचे आयते निमित्त व्यवस्थापनाला मिळते. तक्रारीचा मसुदाही कार्यालयाच्या लॅपटॉपवर किंवा वायफायवर तयार करू नये. स्वतःच्या फोनवर आलेला संदेश पुरावा ठरणार असेल, तर तो मूळ फोनमध्ये जपून ठेवावा, केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नये. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ उपकरण हाताशी असले की ते देणे सोपे जाते.

यानंतर तक्रार कोठे द्यायची हे ठरवावे. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीत कंपनी कायदा, 2013 च्या कलम 177 नुसार दक्षता यंत्रणा, म्हणजे गैरप्रकाराच्या तक्रारी घेणारी अंतर्गत व्यवस्था, असणे बंधनकारक आहे. लोकांकडून ठेवी स्वीकारणाऱ्या कंपन्यांना, तसेच बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून 50 कोटी रुपयांपेक्षा अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्यांनाही हे बंधन लागू आहे. नोंदलेल्या कंपनीला या यंत्रणेचा तपशील आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. तो एचआरकडे मागण्याऐवजी संकेतस्थळावर घरूनच वाचावा, कारण ‘ते धोरण कशाला हवे?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ येऊ न देणेच बरे. आपला वरिष्ठ किंवा खुद्द व्यवस्थापकीय संचालक प्रकरणात गुंतलेला असेल, तर अपवादात्मक परिस्थितीत लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे थेट जाण्याची सोय याच कलमात आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. शेअर व्यवहारातील आतल्या माहितीचा गैरवापर असेल, तर सेबीकडे वकिलामार्फत माहिती देता येते आणि पात्र ठरल्यास 10 कोटी रुपयांपर्यंत बक्षिसाची तरतूद आहे.

घरगुती मालकीच्या छोट्या कंपनीत अशी यंत्रणा नसते. तेथे कोणत्या कायद्याचा भंग होतो आहे ते पाहून त्या खात्याकडे जावे. भविष्य निर्वाह निधीसाठी कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रादेशिक कार्यालय, कारखान्यातील धोक्यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, सांडपाण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भेसळीसाठी अन्न व औषध प्रशासन अशी ही वाटणी आहे. लैंगिक छळाची वाट स्वतंत्र आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असते, त्याहून लहान ठिकाणी किंवा तक्रार मालकाविरुद्धच असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.

केंद्र सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँकांतील भ्रष्टाचारासाठी केंद्रीय दक्षता आयोगाची पद्धत मात्र बारकाईने समजून घ्यावी. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवले होते आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ते नाव गुप्त राहिले नाही. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. तपासात ती लुटीतून झाल्याचे म्हटले गेले, तरी तक्रारदाराच्या नावाच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला आणि 21 एप्रिल 2004 रोजी केंद्र सरकारने यासंबंधीचा ठराव (इंग्रजी नावाचे लघुरूप ‘पीआयडीपीआय’) काढला. त्यानंतर 2014 मध्ये संसदेने जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संमत केला, त्याला राष्ट्रपतींची मान्यताही मिळाली, पण तो अमलात आणलेला नाही. कायद्याच्या भरवशावर बसलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे, कारण आजही आधार त्या ठरावाचाच आहे.

या ठरावाखाली तक्रार बंद लिफाफ्यातून आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवावी आणि लिफाफ्यावर ‘पीआयडीपीआय’ असे ठळक लिहावे, म्हणजे तो इतर टपालाबरोबर फोडला जात नाही. लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचे नाव लिहू नये. पोस्ट कार्यालयांनी अशा लिफाफ्यांसाठी नावाचा आग्रह धरू नये, अशा सूचना आहेत. नाव आणि पत्ता आतील पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी द्यावा, कारण निनावी तक्रारीची या ठरावाखाली दखल घेतली जात नाही. हीच तक्रार अन्य खात्यांना प्रत म्हणून पाठवली किंवा जाहीर केली, की गुप्ततेचे संरक्षण संपते. ‘प्रत माहितीसाठी’ लिहिण्याची आपली सवय इथे घातक ठरते. आयोग पोच देत नाही, पण पुढील कार्यवाहीपूर्वी तक्रार आपणच केली आहे याची खात्री करून घेणारे पत्र पाठवतो, त्याला वेळेत उत्तर द्यावे. राज्य सरकारचे कर्मचारी, महापालिका आणि जिल्हा परिषदा या आयोगाच्या कक्षेत येत नाहीत. महाराष्ट्रात लाचेसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे आणि इतर गैरकारभारासाठी लोकायुक्त आहेत.

पत्र दीड पानाचे पुरे. त्यात विशेषणे नसावीत आणि स्वतःची रखडलेली बढती तर मुळीच नसावी, कारण वैयक्तिक गाऱ्हाणे मिसळले की संपूर्ण पत्र सूडाचे ठरवणे सोपे होते. एक धोका मात्र फार थोडे जण ओळखतात. नाव गुप्त राहिले, तरी मजकूर तक्रारदाराकडे बोट दाखवू शकतो. एखादी फाइल केवळ दोघांनीच हाताळली असेल आणि पत्रात तिच्यातील टिपणीचा उल्लेख असेल, तर वेगळे नाव सांगावे लागत नाही. अशा वेळी अनेकांच्या हातून गेलेल्या कागदांचा आधार घ्यावा किंवा ठरावीक काळातील सर्व व्यवहार तपासण्याची विनंती करावी, म्हणजे ती फाइल तपासणीत आपोआप येईल. सक्षम अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मधील बदनामीच्या तरतुदीत अपवाद आहे. तोच मजकूर व्हॉट्सअॅप गटावर टाकल्यास या अपवादाचा आधार घेणे अवघड जाते.

तक्रार दिल्यावर कामात कसूर होऊ देऊ नये, कारण रजा, उशीर आणि अपूर्ण कामे यांवर एरवी दुर्लक्ष करणारे वरिष्ठ आता तसे करणार नाहीत. मागील वर्षांची मूल्यांकन पत्रे, वेतनवाढीचे आदेश आणि आपल्याला रीतसर दिलेली प्रशस्तिपत्रे यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. अचानक घसरलेला शेरा किंवा आडवळणी बदली यांचा तक्रारीच्या तारखेशी संबंध त्यांवरूनच दाखवता येतो. अशी कारवाई झाल्यास ज्या यंत्रणेकडे तक्रार केली तिलाच ते लेखी कळवावे. बोलावून घेऊन राजीनाम्यावर सही मागितली, तर विचार करायला वेळ मागावा आणि सही न करता बाहेर यावे. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहून दिलेला राजीनामा दबावाखाली दिला होता हे नंतर सिद्ध करणे फार कठीण असते. त्याच दिवशी ही मागणी कोणी, किती वाजता आणि कोणासमोर केली, हे मागणी करणाऱ्या अधिकाऱ्यालाच ईमेलने कळवावे.