पाळलेला विंचू विचित्र वागतोय? आधी हे बघा

एम्परर विंचू (आफ्रिकेतला मोठा काळा विंचू) पाळलाय आणि तो अचानक सगळे पाय ताठ करून, पोट जमिनीपासून उचलून उभा राहिला तर लगेच घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. बहुतेक वेळा खालचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) फार ओलं किंवा गरम झालेलं असतं, नाहीतर टँकमध्ये हवाच खेळत नसते. तापमान २५ ते ३० डिग्रीत ठेवा, एक कोपरा ओलसर आणि एक जरा कोरडा ठेवा, मग त्याला हवी ती जागा तो स्वतः शोधतो.

खाणं सोडलंय, अंग फुगल्यासारखं, पाठीच्या कड्यांमध्ये फिकट त्वचा दिसतेय आणि दिवसभर नुसता पडून असतो? पिल्लू असेल तर कात टाकायची वेळ जवळ आलीय. तेव्हा हात अजिबात लावू नका आणि टँकमधला जिवंत झुरळ-नाकतोडा आधी बाहेर काढा, कारण मऊ अंगाच्या विंचवाला तेच कुरतडतात, हे मी मुद्दाम सांगतोय. कात टाकल्यावर काही दिवस तो अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली नीट चमकत नाही, ते नॉर्मल आहे.

नांगी वर आणि चिमटे उघडे म्हणजे सरळ 'लांब राहा'.

खरी काळजी कधी करायची तर तोल जातोय, पाय थरथरतायत, उलटा पडून सरळ होता येत नाहीये तेव्हा. खोलीत डासांचा किंवा झुरळांचा स्प्रे मारलाय का ते आठवा, तो विंचवालाही विषच. लगेच स्वच्छ टँकमध्ये हलवा, उथळ वाटीत पाणी द्या आणि एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्या-मांजरांपेक्षा वेगळे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरला फोन लावा.