घरच्या वाइनचं सामान ठाण्यात स्वस्तात कसं जमवायचं

आधी महत्त्वाचं, महाराष्ट्रात विनापरवाना वाइन बनवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे उत्पादन शुल्क खात्यात चौकशी करूनच हात घाला. महागडा किट अजिबात घेऊ नका, जांभळी नाक्याला 5 लिटरची काचेची बरणी बघा, तांब्या-पितळेचं भांडं नकोच, आंबट रसाने कळकतं. रस भरताना वरचा पाव भाग रिकामा ठेवायचा, रस आंबताना फेस चढतो खूप. झाकणाला भोक पाडून बारीक नळी घाला, कडेने मेण लावा, दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा, झाला एअरलॉक, आंबताना होणारा गॅस बाहेर जातो पण हवा आत येत नाही. नुसतं घट्ट झाकण लावलंत तर बरणी फुटू शकते हां! पैसे घालायचेच तर हायड्रोमीटरवर, म्हणजे रसातली साखर मोजायच्या नळीवर घाला. द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये वाशीच्या एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून.