नाटकाच्या बसमधला पहिला हिवाळा: बॅकस्टेजला नव्यानं लागलेल्यांसाठी

दिवाळी झाली की नाटकाच्या बसेस जोरात सुटतात. पाऊस थांबलेला असतो, कोकणात जत्रा सुरू होतात, परीक्षा अजून लांब असतात. शनिवार-रविवार मुंबई-ठाण्याचे आणि मधले दिवस दौऱ्याचे, असा क्रम फेब्रुवारीपर्यंत चालतो. नवीन मुलामुलींना बॅकस्टेजचं काम मिळतं तेही बहुतेक याच दिवसांत. मी ठाण्याची, किसननगरची. एकांकिका स्पर्धांच्या विंगेत उभी राहून शिकले आणि या मोसमात एका व्यावसायिक नाटकाच्या प्रॉपर्टी (म्हणजे रंगमंचावर वापरायच्या वस्तू) आणि कपडेपटावर लागले. हे काम मला मनापासून आवडतं, आणि ते करताना घर सुटू नये असंही तितकंच वाटतं. दोन्ही जमतं, पण त्याची तयारी करावी लागते. ती कशी करायची ते लिहिते.

आधी पैशांचं बोलून घ्या. नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, किती, दौऱ्यावर ती वाढते का, जेवणाचा भत्ता हातात मिळतो की जेवण मिळतं, ऐनवेळी प्रयोग रद्द झाला तर काय, नुसत्या प्रवासात गेलेला दिवस धरतात का. हे सगळं बसमध्ये चढायच्या आधी मॅनेजरला विचारायचं, आणि त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. जुने कामगार हेच करत आले आहेत. एक छोटी वही ठेवा: तारीख, गाव, नाट्यगृह, नाइट. पैसे हातात आले की पुढे खूण.

बॅग लहान आणि अंग काळं, म्हणजे काळा टीशर्ट, काळी पँट, आवाज न करणारे बूट. विंगेत हलताना प्रेक्षकांना दिसायचं नसतं. टॉर्चच्या काचेवर निळा जिलेटिन कागद लावा म्हणजे उजेड रंगमंचावर सांडत नाही. कात्री, सेफ्टीपिना, सुईदोरा, रेडियमची पट्टी, एक्स्टेन्शन बोर्ड. स्वेटर आणि कानटोपी लागतेच. नाशिक, नागपूर या बाजूला डिसेंबरात पहाटे सेट उतरवून टेम्पोत भरताना बोटं वळत नाहीत, म्हणून हातमोजेही घ्या. मेकअप उतरवायला आपल्याकडे खोबरेल वापरतात आणि ते थंडीत गोठून बसतं. प्रयोग संपल्यावर कलाकार तोंडाला रंग लावून ताटकळतात. मध्यंतरातच बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून ठेवा.

आता खरं काम. नाट्यगृहात शिरल्यावर सगळ्यात आधी आपलं टेबल कुठे लागणार ते पाहायचं. प्रत्येक ठिकाणची विंग वेगळी असते. कुठे डावीकडे ऐसपैस जागा, तर कुठे माणूस आडवा होऊन जाईल एवढीच. तिथल्या कामगार काकांना नमस्कार करून विचारा, ते जागा काढून देतात. टेबलावर जाड ब्राउनपेपर अंथरा आणि प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून मार्करनं तिच्या भोवती रेघ काढा. चष्मा, किल्ली, पत्र, दोन कप, औषधाची बाटली. आकृतीच्या आत लिहा: कोणत्या अंकात, कोणाच्या हातात, कोणत्या विंगेतून. हा कागद गुंडाळून बरोबर न्यायचा. वाशीच्या विष्णुदास भाव्यांत, पुण्याच्या बालगंधर्वमध्ये, नाशिकच्या कालिदासमध्ये तोच कागद, तीच मांडणी. काळोखातही हात बरोबर चष्म्यावर पडतो, आणि एखादी आकृती रिकामी असेल तर काय राहिलं ते विचारावं लागत नाही. तिसऱ्या घंटेच्या आधी प्रत्येक वस्तूला हात लावून मोजा. नुसतं बघून मोजू नका. मध्यंतरात पुन्हा. पडदा पडल्यावर वस्तू आधी आपापल्या आकृतीत परत येऊ द्या, मग पेटीत भरा.

आमच्या नाटकाचा सेट एका साध्या घराचा दिवाणखाना आहे. भिंतीवर आजोबांचा फोटो, खाली शोकेस, टीपॉयवर पेपर. सेट लागला की मी खाली प्रेक्षागृहात जाऊन मधल्या रांगेत बसते आणि तिथून घर पाहते. जवळून सरळ वाटणारा फोटो खालून तिरका दिसतो, हे तिथेच कळतं. सोफ्यावरची उशी फुगवून ठेवायची नाही. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा तिच्यात खळगा पाडायचा. पेपर एकदा उलगडून पुन्हा घडी घातलेला हवा. थर्मासमधला चहा एंट्रीच्या अगदी तोंडावर कपात ओतायचा, म्हणजे वाफ पहिल्या रांगांना दिसते. नवीन गावात उतरल्यावर जो उपरेपणा वाटतो ना, तो मला या अर्ध्या तासात पूर्ण जातो. नाट्यगृह परकं, गाव परकं, पण शोकेसमध्ये काय कुठे आहे ते मला आपल्या स्वयंपाकघरासारखं ठाऊक असतं. तुमच्या वाट्याला प्रकाश असो, संगीत असो की कपडे, अशी एक आपली जागा दर प्रयोगाआधी शांतपणे लावायची सवय ठेवा.

कोकणात किंवा एखाद्या गावच्या मैदानात उघड्यावर प्रयोग असला तर दवाचा विचार करा. रात्र चढेल तशी लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा लाकडी चौथरा, ओलसर होते आणि पाय घसरतो, म्हणून प्रत्येक अंकाआधी कोरड्या फडक्यानं पुसायची. पत्र, पेपर, पाकिटं मऊ पडतात, त्यामुळे ती एंट्रीपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची, शिवाय पत्राची दुसरी प्रत तयार हवी. वायरी आणि बोर्ड गवतावर टाकू नका, खाली फळी घ्या. जत्रेत दशावतार असेल तर झोप बाजूला ठेवून बघा. रात्रभर चालणारा खेळ आणि सगळं सामान पेटाऱ्यात. तो पेटारा दशावतारी मंडळी पूजतात, आणि त्यातलं काय कधी निघणार याची त्यांची शिस्त आपण बघून शिकण्यासारखी आहे.

कपड्यांबद्दल थोडक्यात. घामाचे शर्ट प्रयोग संपताच उलटे करून वाळत घाला. नागपूरला सकाळपर्यंत सुकतात, रत्नागिरीला सुकत नाहीत, तिथे दुसरा जोड लागतो. इस्त्री लावण्याआधी तिथल्या इलेक्ट्रिशियनला कोणता पॉइंट वापरायचा ते विचारा, आणि काम झालं की बटण बंद करून वायर काढून ठेवा. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ सालचं, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळलं. लाकूड, पडदे, कपडे, रंग, आपल्या भोवती सगळं पेटणारंच असतं. म्हणून नव्या नाट्यगृहात गेल्यावर आगीचे सिलिंडर कुठे आहेत आणि मागचं दार उघडतं का, हे टेबल लावायच्या आधी पाहून घ्या.

बसमध्ये शेवटची रांग टाळा, कसारा घाटात पोटातलं सगळं वर येतं. आवळासुपारी जवळ असू द्या. मुलींना एक आग्रहानं सांगते. स्वच्छतागृहासाठी बस थांबवायची असेल तर मोठ्यानं सांगा, आणि उजेड असलेला पेट्रोल पंप किंवा हॉटेलच हवं असंही सांगा. पाणी न पिता बसून राहू नका. नीट चालणाऱ्या नाटकात मॅनेजर स्वतःहून विचारतो. तो विचारत नसेल तर सगळ्या मुलींनी मिळून सांगायचं.

परतीचा प्रवास आधी ठरवा. नाशिककडून येणारी बस ठाणेकरांना माजिवड्याला किंवा तीन हात नाक्याला सोडते, तेव्हा पहाटेचे तीन-चार वाजलेले असतात. पुण्या-कोल्हापुराकडून येताना वाशीला उतरावं लागलं तर ठाण्याची पहिली लोकल सुरू होईपर्यंत दोघांनी तरी मिळून थांबा. रात्री १२ ते पहाटे ५ रिक्षाच्या मीटरवर सव्वापट भाडं असतं, ते भत्त्यात धरा. घरी उतरल्यावरचा फोन न चुकता करा, एक घरच्यांना आणि एक बसमध्ये उरलेल्यांना.

घरच्यांचं काय, हा प्रश्न नव्या कामात सगळ्यात उशिरा सुचतो आणि सगळ्यात आधी टोचतो. महिन्याच्या तारखा हाती आल्या की त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा: गाव, निघायची वेळ, परतायची वेळ. आईला 'उद्या नाहीये' असं रात्री अकराला सांगू नका. दौऱ्यावरून आलेल्या दिवशी दुपारपर्यंत झोपणार हे आधीच सांगा आणि संध्याकाळ घरात द्या. मी त्या संध्याकाळी भाजी आणायला आईबरोबर जाते. दोन-तीन दिवसांत घरात काय काय झालं ते स्वयंपाकघरात फार कमी कळतं, वाटेत चालताना सगळं कळतं. संक्रांतीला बाहेरगावी असाल तर तिळगूळ बरोबर न्या आणि विंगेतल्या काकांना द्या. घरासाठी त्या गावचं काहीतरी आणा, महाग नको.

आणि ठाण्यात प्रयोग लागला की घरच्यांना बोलवा. गडकरी रंगायतन १९७८ पासून तलावपाळीला उभं आहे. ठाण्यातल्या कितीतरी घरांनी आपलं पहिलं नाटक तिथे पाहिलं आहे, माझ्या आईनेही. पासासाठी मॅनेजरला आठवडाभर आधी विचारा, प्रयोगाच्या दिवशी दारात उभं राहून नको. हाऊसफुल्ल असेल तर तिकिटं काढा. मध्यंतरात तुम्ही भेटायला येऊ शकणार नाही, बटाटेवडा त्यांनी त्यांचा खायचा, हे आधी सांगा. पडदा पडल्यावर त्यांना आत यायचं असेल तर मॅनेजरची परवानगी घेऊन ठेवा आणि वाटेत न येणारी एक खुर्ची दाखवा. तुमची मोजणी, कपड्यांच्या घड्या, पेटीचं कुलूप होईपर्यंत त्यांना बसू द्या. आई विचारेल, रोज एवढं सगळं तूच आवरतेस? हो म्हणा, आणि शोकेसमधल्या बरण्या कागदात गुंडाळायला तिच्या हातात द्या.